सातव्या दिवसाचा कचरा

कडेवर खुशीला घेऊन प्रियंका आरोग्य उपकेंद्राच्या फाटकातून आत शिरली अन् जागच्या जागी थबकली. अंगणात तिच्या सासूबाई, लीलाबाई, कमरेत वाकून खराटा मारत होत्या. अन् ज्याला कोर्टानं सात दिवस ही झाडलोट लावून दिली होती तो तिचा नवरा, अंकुर, पायरीवर बसून मोबाईल पाहत होता.

दारात सत्यशीला सिस्टर उभ्या. रोज नऊच्या एसटीनं येणाऱ्या, आज पहिल्याच गाडीनं आलेल्या. हातात कोर्टाचा कागद, त्यावर त्यांच्याच सहा सह्या. पेनाला टोपण लावलेलं.

"मी आली का हा खराटा धरून उभा दिसे," त्या म्हणाल्या. "मले वाटे, काय मन लावून झाडते! सातवी सही मी करत नाही, प्रियंका. उद्या कोर्टात काय सांगायचं ते सांगा."

सही नाही म्हणजे जेल. अंकुरनं ढाणकीच्या बाजारात दारू पिऊन धिंगाणा घातला, तेव्हा कोर्टातल्या साहेबांनी त्याला समोर उभं करून बजावलं होतं : झाड, नाही तर आत जा.

"आई, तुमी काहून झाडून राह्यल्या?"

"मंग काय करू?" लीलाबाईंचा खराटा थांबला नाही. "आपल्या घरात बाप्यानं कधी खराटा धरला नाही. येतेजाते लोकं पाह्यतात ना."

"नालीत लोळला तवा लोकायनं डोळे मिटले होते काय?"

"लेकरू हाय तो."

"लेकरू माह्या कडेवर हाय!"

अंकुर हसला. "अवं, साफ झाल्याशी मतलब ना? करून टाका न सिस्टर सही."

सहा दिवस तिनं पहाटे उठून त्याला भाकर बांधून दिली होती. 'बाबा काम करून राह्यले' असं खुशीला सांगताना तिचा आवाज आपोआप मऊ व्हायचा.

तिनं खुशीला सासूबाईंच्या हातात दिलं. नात घ्यायची म्हणून त्यांनी खराटा टाकला. मग प्रियंका भिंतीशी गेली, कचऱ्यानं भरलेलं घमेलं उचललं अन् अंगणाच्या मधोमध पालथं केलं. कडुनिंबाचा पाला, गुटख्याच्या पुड्या, बिस्किटांचे कागद. सगळं पायानं चार दिशांना उडवलं.

"अवं, अवं! येडी झाली काय?" लीलाबाई ओरडल्या.

"झाड," ती अंकुरला म्हणाली. "नाही तर जा आत. मी डबा घेऊन येणार नाही."

लसीकरणाला आलेल्या बाया फाटकाशी थांबल्या होत्या. अंकुरनं आईकडं पाहिलं. आईच्या दोन्ही हातांत खुशी होती. त्यानं मोबाईल खिशात घातला, खराटा उचलला अन् वाऱ्याच्या तोंडावरच झाडायला लागला. पाला परत त्याच्याच पायांवर आला. एक बाई पदराआड हसली.

सिस्टरनी स्टूल ओढलं अन् बसल्या. टोपण अजून निघालं नव्हतं.

लीलाबाई तोंड फिरवून नातीला थोपटत राहिल्या. जरा वेळानं त्यांनी तिरक्या डोळ्यानं मागं पाहिलं. मग पुन्हा पाहिलं. शेवटी राहवलं नाही.

"अरे, तो नळाजवळचा कोपरा राह्यला!"