चौकातला फळा

चौकातल्या फळ्यावर सोवनी सरांनी खडूने स्वच्छ अक्षरांत लिहिले : ‘सौ. वत्सला सोवनी यांचे निधन. अंत्ययात्रा सकाळी दहा वाजता.’ इथे मरणाचे बोलावणे धाडायचे नसते. फळा वाचून शेजारी आपणहून खांदा द्यायला येतात, अशी चौकाची रीत.

ते शेजारी मात्र एकेक करून प्रगतीला जागा देऊन गेले होते. वैद्यांच्या घराजागी बँक आली, छापखान्याजागी कॉफीगृह. शहराच्या इतिहासावर ग्रंथ लिहिलेल्या सरांना हे सारे तोंडपाठ होते. फक्त आज ते खरे मानायची त्यांची तयारी नव्हती.

"आजोबा, थोडं बाजूला व्हा ना, फोटोत येताय," एक तरुणी म्हणाली. "किती गोड जुना फळा आहे!"

"वाचून पाहा. अधिक गोड वाटेल."

दहाला शववाहिका आली. रस्ता माणसांनी फुललेला पाहून चालक दबकला.

"काकूंची माणसं बरीच दिसतात, काका."

"ती कपड्यांच्या सेलची रांग आहे."

"मग उचलायला कोण?"

सर दारात ठेवलेल्या तिरडीच्या पायथ्याशी वाकले.

"तुम्ही डोक्याकडून धरा."