शेततळं

बेंगळुरूच्या एका शेतीसंस्थेतली महानंदा दोन वर्षं शहराजवळच्या आनेकलला एकरभर नाचणी पिकवणाऱ्या यल्लाप्पाअण्णांच्या मागे लागली होती. "पावसाचा भरवसा राहिला नाही, अण्णा. शेततळं खणा." दोघंही मूळची निपाणीकडची, अण्णांनी लेकीचं ऐकावं तसं ऐकलं. तळं खणलं, प्लास्टिक अंथरलं. यंदा पावसानं महिनाभर दडी मारली तेव्हा शिवारात त्यांचीच नाचणी हिरवी राहिली. परवा त्यांची बायको घागर भरायला तळ्यात उतरली, प्लास्टिकवरून घसरली आणि बुडून गेली. धरायला हाताशी काही नव्हतं. महानंदा अण्णांच्या ओसरीवर मान खाली घालून बसली. तिनं बियाणं, पाणी, सगळं शिकवलं होतं. काठाला दोरी बांधा, एवढंच सांगितलं नव्हतं. "चूक माझी, अण्णा." अण्णा म्हणाले, "उद्या शेजारगावचे लोक तळं बघायला येणार ना? येऊ देत. आधी दोरीचं सांग त्यांना. नाचणीचं मग."