मॅडमनी न धाडलेली चाल

बरोबरी झाली होती आणि शेवटचा हल्ला साताऱ्याच्या मुलींचा होता. लांब दांड्याच्या जाळीने चेंडू झेलत-फेकत खेळायच्या लक्रॉसच्या मैदानाच्या कडेला उभ्या असलेल्या त्यांच्या प्रशिक्षक वैजयंती निकम यांनी कपाळावरची पट्टी घट्ट केली आणि मनातल्या मनात चाल आखली: चेंडू गोलच्या मागे, दोघींचा आडोसा, शाहीन आत. तशाच पट्ट्या बांधलेल्या मुलींच्या डोक्यात ती लगेच उतरली. उतरलेली चाल डावलणं आजवर कुठल्याच खेळाडूला जमलं नव्हतं.

पण मुली भलत्याच हलल्या. कबड्डीतून आलेल्या त्या पोरींनी कबड्डीसारखाच अर्धगोल धरला. हीच खोड मोडायला मॅडमनी जिवाचं रान केलं होतं. समोरचा बचाव गोंधळून एका बाजूला ओढला गेला आणि मोकळ्या राहिलेल्या शाहीनने चेंडू जाळ्यात मारला.

"अगं, ही चाल कुणाची?" कित्येक वर्षांनी मॅडम मैदानावर ओरडल्या.

शाहीन धापा टाकत आली. "आमची, मॅडम. तुमची पोचली होती, पण ती समोरच्यांना पाठ झालीय. डोकं फुटेल असं वाटलं, तरी नाही ऐकलं."

मॅडमनी पट्टी सोडून खिशात कोंबली. डोळे पुसत त्या म्हणाल्या, "पुढच्या सामन्यालाही तुमचीच खेळा. आणि मला आधी सांगू नका, मला बघायचंय."