मधला

घराण्याच्या कुळवृत्तांताची वेबसाइट ताई सांभाळायची. नात्यातलं कुणीही तिथे भर घालू शकत असे, पण नव्या सदस्याने आधी महिनाभर नुसतं वाचायचं, हा तिचाच नियम. एका नव्या सदस्याने मात्र पणजोबांच्या नावातली चूक इतक्या आपलेपणाने दाखवली, की तिने त्याला लगेच संपादनाचा हक्क देऊन टाकला.

दुसऱ्या दिवशी आईच्या नावाखाली तीन मुलं दिसली. ताई, धाकटा, आणि दोघांच्या मधे आणखी एक मुलगा.

ताईने चरफडत ते नाव पुसलं, त्या नव्या सदस्याचा हक्कही काढून घेतला.

आईला औषध देताना ती हसत म्हणाली, "आज तुला कुणीतरी तिसरं मूल चिकटवलं होतं."

आई हसली नाही. "सख्खा भाऊ आहे तुझा. पहिल्यापासून त्याला पाण्यात पाहतेस."

नोकरी सोडून ताई कित्येक वर्षं आईचं सगळं करत होती. तिला रडू फुटलं. बाहेर येऊन तिने धाकट्याला फोन लावला.

"दादाचं नाव पुसलंस?" तो भडकला. "त्याने काय घोडं मारलंय तुझं?"

ताईने फोन कानापासून दूर केला. आतल्या खोलीत आई बोलत होती. इतक्या मायेने ती ताईशी कधीच बोलली नव्हती.

"तिचं मनावर घेऊ नकोस हं, बाळा."

"नाही घेत," आतून कुणीतरी म्हणालं.