काठीतली सुधारणा

“आजपासून अंधाला कुणाच्या आधाराची गरज नाही!” राजूरच्या देवळासमोर नवउद्योजक अवधूतनं माइकवरून जाहीर केलं आणि स्वतः बनवलेली बोलकी काठी आंधळ्या रखमाजींच्या हाती दिली. काठी लगेच बोलली, “पुढे अडथळा आहे.” पुढे प्रमुख पाहुणे हार घेऊन उभे होते. काठी मात्र गुणाची निघाली. आधी दर्शनाला जाताना कुणी ना कुणी रखमाजींचा हात धरायचं, वाटभर गावच्या सोयरिकी आणि भांडणं सांगायचं. आता काठी बोलली की लोक अदबीनं बाजूला सरकू लागले. रोजचा सोबती कल्याणही हसून म्हणाला, “जावा बापू, आता तुम्हाला आमची काय गरज?” महिन्यानं अवधूत विचारायला आला, “बापू, काठीत काही सुधारणा करायची का?” रखमाजींनी चाचपडत त्याचा हात धरला. “न्हाई रे, बराबर चालून राह्यली. तेवढी जरा बिघडवून देतो का?”