धवलारणीचा मुहूर्त

एकवीरा आईची शपथ, यातलं अक्षर न् अक्षर खरं आहे!

धाकूबायच्या घरासकट किनाऱ्यावरची घरं समुद्रानं गिळली, तेव्हा सरकारी साहेबानं कोळीवाड्यासाठी खाडीकाठच्या खाजणात नवी घरं बांधली. "साहेब, इथं उधाणाचं पाणी शिरतं, आम्हाला टेकडीवर जागा द्या," तिनं हात जोडून सांगितलं. साहेब म्हणाला, "म्हातारे, नकाशा तुला कळतो की मला?" धाकूबायनं तो बोल काळजात कोरून ठेवला.

घरांच्या चाव्या वाटायला मंत्री येणार होते. वाड्यातली लग्नं लावणारी धवलारीण धाकूबायच, म्हणून साहेबानं मुहूर्त तिलाच विचारला. ती गोड हसली. "पुनवेला, दुपारी बाराच्या ठोक्याला. त्याच्यासारखी वेळ नाही बघा!"

पुनवेला बाराला उधाण येतं, हे कोळ्याचं शेंबडं पोरही सांगेल. पहिली चावी देतानाच पाणी गुडघ्याला लागलं, मंत्र्यांचे जोडे तरंगत निघाले आणि साहेब अंगठ्याला लटकलेल्या खेकड्यासकट खुर्चीवर चढला.

"साहेब," धाकूबाय म्हणाली, "आता नकाशात टेकडी शोधा."

भिजलेल्या मंत्र्यांनी तिथंच टेकडी मंजूर केली. खेकडा तेवढा माझ्या पदरचा. खरा असता, तर धाकूबायनं तो अजूनही साहेबाच्या अंगठ्यावरून सोडवू दिला नसता.