समोरचा ओटा

देवास गाव एक, पण राज्यं दोन. रस्त्याच्या अलीकडे थोरली पाती, पलीकडे धाकटी. पलीकडे प्लेग शिरला, तसा थोरल्या पातीचे नगराध्यक्ष जगदेवराव यांनी रस्त्यावर पहारा बसवला. कुणीही ओलांडायचं नाही.

त्यांची लेक सगुणा रस्त्यापलीकडे, समोरच्याच घरात दिलेली. ती रोज संध्याकाळी ओट्यावर उभी राहायची, सुनेच्या रीतीनं तोंडभर पदर ओढून. तेवढं पाहिलं की त्यांना जेवण जायचं.

प्लेग सरला. पहारा उठताच ते धावत ओट्याशी गेले. "सगुणे, आलो गं!"

पदर बाजूला झाला. ती सगुणाची धाकटी जाऊ होती.

"जाऊबाई पहिल्याच आठवड्यात गेल्या, आबासाहेब. मागच्या दारानं नेलं. मला म्हणाल्या होत्या, 'रोज माझ्या जागी उभी राहा. मी दिसले नाही, तर आबा स्वतःचाच हुकूम मोडून इकडे येतील.'"